ईस्टरपर्यंत मुदत

उस्मानपुरा, औरंगाबाद
५ मार्च १९८४

सुवार्ता,

तुझं पत्र मिळालं. वाचलं, पुन्हा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. 'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. सासू खोटं तरी लिहीत नाही, एवढं समाधान मान.

तू लिहितेस की फर्दापूरच्या दवाखान्यात तुझं बरं चाललंय आणि अजिंठ्याच्या लेण्यांवर पहारेकरी असलेल्या शमुवेल पारखे नावाच्या माणसाने तुला मागणी घातली आहे. त्याची बायको बाळंतपणात गेली, माणूस सालस आहे, दारूला शिवत नाही. इथपर्यंत ठीक. पण पुढे लिहितेस, "आई, तुम्ही हो म्हणालात तरच मी पाळकसाहेबांना लग्नाची पुकार वाचायला सांगेन. नाही म्हणालात तर शमुवेलला नाही कळवेन. बोर्डिंगात वाढलेल्या मुलीला तुमच्याशिवाय कोण आहे?"

हे बरं आहे! भांडून जायचं तू, दोन वर्षं तोंड दाखवायचं नाही तू, आणि सुरी मात्र माझ्या हातात द्यायची. नाही म्हटलं तर मी कैदाशीण. हो म्हटलं तर माझ्या शीलवंतची बायको तीन रविवार भर चर्चमध्ये दुसऱ्याची होणार म्हणून वाचली जाणार. काविळीने माझा एकुलता एक मुलगा गेला, तेव्हा त्याच्या उशाशी तूच होतीस. तुला वेगळं काय सांगायचं?

आणि हा माणूस करतो काय, तर प्रवाशांपुढे दिवा धरून भिंतीवरची चित्रं दाखवतो. चांगलं आहे. पगार वेळेवर होतो का, ते लिहिलेलं नाहीस.

परवापासून लेंट लागतोय. उपासाच्या दिवसांत आपल्यात लग्नं होत नाहीत, आपले पाळकसाहेब पुकारही वाचत नाहीत. म्हणजे ईस्टरपर्यंत तुला थांबावंच लागेल, आणि मलाही मुदत मिळाली. उत्तर ईस्टरला देईन.

तोवर एकच. चर्चच्या मागच्या महिला रविवारी मी दरवर्षीप्रमाणे बायबलातल्या रूथवर बोलले. नामीच्या दोन सुना, दोघी विधवा. एक सासूला सोडून माहेरच्या वाटेला लागली, ती अर्पा. दुसरी सासूला बिलगून राहिली, ती रूथ. मी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

रिबका त्रिभुवन

१७ मार्च १९८४

सुवार्ता, सलाम.

हे उत्तर नाही. ईस्टर म्हटलं म्हणजे ईस्टर. पण इथे एक गोष्ट घडली आणि ती सांगायला घरात कुणी नाही. भिंतीशी बोलण्यापेक्षा तुझ्याशी बोललेलं बरं.

नव्या पाळकीणबाई, पाळकसाहेबांच्या पत्नी, नगरहून आल्या आहेत. तुझ्याच वयाच्या, केस आखूड, बोलणं थोडं. लेंटमध्ये दर बुधवारी बायकांचा बायबल अभ्यास त्यांनी आपल्या अंगणात ठेवलाय. पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या हातात एक पेन्सिल दिली, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. म्हणाल्या, "शास्त्रात दोन माणसं शेजारीशेजारी ठेवलेली दिसली की एकाच्या ओळीखाली लाल रेघ मारा, दुसऱ्याच्या खाली निळी. दोघांत फरक नेमका कुठे पडतो तिथे थांबा. लगेच अर्थ सांगायचा नाही. आधी नुसतं बघायचं."

भागूबाई घाबरली. "बाई, देवाच्या पुस्तकात रेघोट्या मारायच्या व्हय? पाप नाय का लागणार?"

मी मनात म्हटलं, मी शाळेत जन्मभर मुलांना धडे शिकवले, ही काल आलेली पोर मला वाचायला शिकवणार! तोंडाने मात्र काही बोलले नाही. हसू नकोस, कधीकधी मी गप्प बसते.

आम्हाला योहानाच्या शुभवर्तमानाचे दोन अध्याय दिले होते, तिसरा आणि चौथा. निकदेम आणि विहिरीवरची शोमरोनी बाई. दोन्ही मला तोंडपाठ. पण शेजारीशेजारी मी ते कधी ठेवलेच नव्हते. आता लाल-निळी रेघ मारत गेले आणि एकेक फरक दिसू लागला. निकदेम रात्री येतो, ती भर दुपारी. त्याला नाव आहे, मान आहे, तो लोकांचा गुरू. तिला नावसुद्धा दिलेलं नाही. तो आपण होऊन प्रभूला भेटायला जातो, आणि तिच्या विहिरीवर प्रभू आधीच येऊन बसलेला असतो. शेवटी तो गुरू काही न बोलता पानातून निघून जातो, आणि ती घागर तिथेच टाकून गावभर सांगत सुटते.

हे सगळं तिथेच होतं, सुवार्ता! माझ्या आईच्या बायबलात होतं, माझ्या बायबलात होतं. मी त्यावरून शेकडो वेळा गेले असेन. एका पानाचं अंतर, आणि मला दिसलं नाही. अंगणात ऊन चढलं तरी कुणी उठेना. भागूबाई तेवढी म्हणाली, "तिची घागर परत आनली आसंल का कुनी?" आम्ही सगळ्या हसलो.

तिचे पाच नवरे झाले होते आणि तरी प्रभू तिच्याशी नीट बोलला, हे माझ्या ध्यानात आलं आहे. ते मी तुझ्यासाठी लिहीत नाहीये.

रिबका

२९ मार्च १९८४

सुवार्ता,

तुझं कार्ड आलं. "वाचते आहे, आणखी लिहा." एवढंच? दवाखान्यात शाई संपली का?

तर ऐक. पुढच्या बुधवारसाठी प्रत्येकीने आपल्या आवडीचं पुस्तक घ्यायचं होतं. मी रूथ घेतलं. खरं सांगते, हेतू चांगला नव्हता. रूथखाली निळी, अर्पाखाली लाल अशा ठसठशीत रेघा मारून ते पान तुला पाठवायचं, म्हणजे वेगळं काही लिहायला नको, असा माझा बेत होता.

पेन्सिलीला टोक करून बसले. अर्पाखाली लाल रेघ मारायला गेले तर लाल मारायला काही सापडेचना. वाटेत नामी दोघींना म्हणते, जा ग पोरींनो, आपापल्या आईच्या घरी. दोघींचे मुके घेते. दोघी गळा काढून रडतात. दोघी म्हणतात, आम्ही तुमच्याबरोबरच येणार. दोघी सासूबरोबर चालून आल्या आहेत, दोघींनी मेलेल्यांवर माया केली असं खुद्द नामी सांगते. कितीतरी ओळी नुसतं दोघी, दोघी, दोघी. मी निळी मारली की लाल मारावी लागे, लाल मारली की निळी.

फरक फक्त एका ठिकाणी आहे. अर्पाने सासूचा मुका घेतला, रूथ तिला बिलगली. बस. आणि अर्पा गेली तेव्हा ती रडत गेली, सासूने जा म्हटलं म्हणून गेली. पवित्र शास्त्रात तिला एक वाकडा शब्द नाही. देवाने नाही, नामीने नाही, लिहिणाऱ्यानेही नाही. वाकडा शब्द दरवर्षी महिला रविवारी मी घालत आले.

शेजारची ताहेरा आपा शिवणाचे कपडे घेऊन आली होती. ती बघतच राहिली. "क्या हुआ रिबकाबाई? कायकू रोते जी तुम?" मी म्हटलं, रडत नाही, पेन्सिलीचा भुसा डोळ्यात गेला. मग तिला तुझ्या लग्नाचं सगळं सांगितलं. आता शेजारी सांगणार नाही तर कुणाला? ती दोरा तोडत म्हणाली, "तो इसमें रोने का क्या है? हमारे में बेवा का निकाह कर के देना सवाब का, पुण्य का काम समझते." मला राग आला. मी म्हटलं, तुझा मुलगा गेला असता तर बोलली असतीस का? बाह्या शिवून झाल्यावर तिने चहा केला, माझ्याच चुलीवर, आणि मला दिला.

पान तुला पाठवत नाही. त्यावर आता काही नीट दिसत नाही, सगळं लाल-निळं झालंय.

रिबका

१२ एप्रिल १९८४

सुवार्ता,

आज मोठं पत्र लिहिणार होते, पण लेखणी सारखी खाली ठेवावी लागतेय. ताप वगैरे नाही, नर्सगिरी करत धावत येऊ नकोस.

मी रूथच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटाशी अडकले आहे. नामी बेथलेहेमात परत येते. गावच्या बायका विचारतात, ही नामीच ना? ती म्हणते, मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. भरलेली आणि रिकामी. मी खुशीत एकाखाली निळी, एकाखाली लाल रेघ मारली. किती सरळ जोडी आहे, असं मनात म्हटलं.

मग लक्षात आलं, ती हे बोलते तेव्हा रूथ कुठे आहे? रूथ तिच्या शेजारी उभी आहे! एवढ्या लांबून पायी चालून आलेली, तुझा देव तो माझा देव म्हणणारी, तुम्ही मराल तिथे मी मरेन म्हणणारी पोर तिथे धुळीने भरलेल्या पायांनी उभी आहे, आणि नामी भर वेशीत सगळ्यांना सांगते की मी रिकामी आले. रूथची ओळखही करून देत नाही. रूथ मात्र दुसऱ्या दिवशी उठून शेतात सरवा, कापणीमागे पडलेली कणसं, वेचायला जाते, सासूच्या पोटासाठी.

शीलवंतला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं आणि मी सगळ्यांना सांगत होते, माझं आता कुणी उरलं नाही. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस. पातेली घासत होतीस. दार उघडं होतं.

आणखी एक. नामीने दोष दिला तो देवाला, तोंडावर, सगळ्यांदेखत. सुनांना दिला नाही. मी देवाला सांभाळून घेतलं आणि म्हणाले, एवढी नर्स घरात असून माझा मुलगा गेला. देव रागावेल म्हणून भ्यायले. तू रागावशील याची भीती वाटली नाही. तू काहीच बोलली नाहीस, बदलीचा अर्ज केलास आणि गेलीस. मी लोकांना सांगितलं, भांडून गेली.

इथे पुढे वाचायची हिंमत होत नाही. हे पुस्तक केवढंसं आहे, चार पानं. त्यात एवढी खोल जागा कुठून आली, मला समजत नाही. मी भीत भीत पान उलटते आहे.

रिबका

२० एप्रिल १९८४, उत्तम शुक्रवार

सुवार्ता बाळा,

उपासना आटोपून आत्ताच आले. पाय दुखतायत, पोटात काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही.

काल तिसरा अध्याय उघडला. हा मी महिला रविवारी कधी घेत नाही. रूथ बिलगली इथे माझं भाषण संपायचं, टाळ्या व्हायच्या, चहा यायचा. बिलगली म्हणजे काय, तर सासूच्या चुलीशी जन्मभर बसली, असं मी गृहीतच धरलं होतं. आणि तुला सांगत होते, रूथ हो, रूथ हो!

अग, रूथने दुसरं लग्न केलं!

मला हे माहीत नव्हतं असं नाही. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं, बवाजाचं नाव तर रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही येतं. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. अर्पाचं पुढे काय झालं ते शास्त्र सांगत नाही. लग्न केलं ते रूथने, आणि ते लावलं कुणी? नामीने. मुलगा गेलेल्या आईने. ती स्वतः म्हणते, तुझं बरं व्हावं म्हणून मी तुझ्यासाठी हक्काचं घर बघू नको का? तिला नाहायला सांगते, अंगाला तेल लाव म्हणते, चांगलं लुगडं नेस म्हणते, आणि बवाजाच्या खळ्यावर पाठवते. तिच्याच मुलाची विधवा! कुठल्या काळजाची बाई होती ग ती?

आणि मग जे दिसलं त्याने मी बाज सोडून उभीच राहिले. खळ्यावरून निघताना बवाज रूथच्या पदरात सातू घालतो आणि सांगतो, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. रिकाम्या! मला रिकामी आणलं म्हणून पहिल्या अध्यायात जी वेशीवर ओरडली, तिच्याच दारात तिसऱ्या अध्यायात तिचीच सून भरला पदर घेऊन येते. तो तिथे बेथलेहेमच्या वेशीवर नव्हता. नामी काय बोलली ते त्याला कुणी सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे. पण देवाने ऐकलं होतं. आणि उत्तर स्वर्गातून गडगडाट करून दिलं नाही, दुसऱ्याच पुरुषाच्या हातून, पोरीच्या पदरातून, धान्याचं दिलं. त्या धान्याची वाट नामीने स्वतः उघडून दिली होती. रूथला घरात धरून ठेवली असती तर ती रिकामीच राहिली असती.

आज चर्चमध्ये तीन तास बसले होते. काळा पडदा, मेणबत्त्या नाहीत, प्रभूच्या शेवटच्या सातही उद्गारांवर उपदेश झाला. वधस्तंभावरून प्रभू जवळ उभ्या शिष्य योहानाकडे बघून आपल्या आईला म्हणतो, हा तुझा मुलगा. स्वतः जाता जाता तिला दुसरा मुलगा देतो. आजवर मला वाटायचं, ते योहानाचं भाग्य. आज वाटलं, त्या माउलीला होय म्हणायला किती जड गेलं असेल. आपला पोटचा समोर टांगलेला असताना दुसऱ्याला मुलगा म्हणायचं! तिने म्हटलं असणार, कारण त्या घटकेपासून योहानाने तिला आपल्या घरी नेलं असं लिहिलंय.

मी देवाला आजवर फार लहान समजत होते. आता पाणी पिते.

रिबका

२३ एप्रिल १९८४

माझ्या सुवार्ता,

ईस्टर झाला. मुदत संपली.

काल पहाटे सगळी मंडळी दरवर्षीप्रमाणे गाणी म्हणत कब्रस्तानात गेली. मी शीलवंतच्या कबरीवर मेणबत्ती लावली, मोगऱ्याची फुलं ठेवली आणि त्याला सांगितलं. मोठ्याने सांगितलं, बाजूला भागूबाई होती तरी. म्हटलं, बाबा, तुझ्या बायकोला मी देते आहे. तू रागावू नकोस आणि मला आता अडवू नकोस. भागूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "त्यो कशाला रागावतोय बाई? त्यो लई भोळा व्हता." तुला ठाऊक आहे, ते खरंच आहे.

घरी आले तर ताहेरा आपा शीरखुर्म्याचा डबा घेऊन दारात उभी. "ईद नै तो क्या हुआ, तुम्हारा त्योहार तो है ना?" मी तिला सांगितलं की मी हो म्हणणार आहे. तिने डबा खाली ठेवला आणि मला धरून रडली. मग माझ्या डोळ्यांत पेन्सिलीचा भुसा गेला नव्हता, हे तिला मी कबूल केलं. तुझ्या लग्नाचं झंपर तीच शिवणार आहे. माप पाठव, आणि खरं माप पाठव, बारीक असल्याचा आव आणू नकोस.

शमुवेलला सांग, येत्या आठवड्यात फर्दापूरला येते. मला त्याची चित्रं बघायची आहेत. मी इथे जन्म काढला आणि लेण्यांत एकदाही गेले नाही. दिवा त्यानेच धरायचा.

आज सकाळी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, पुकार लावा, येत्या रविवारपासून. त्यांनी कागद घेतला आणि पहिली ओळ लिहिली, 'ख्रिस्तवासी शीलवंत त्रिभुवन यांची विधवा सुवार्ता.' मी म्हटलं, थांबा. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, विधवेच्या पुकारीत असंच लिहितात. तशी पद्धत आहे." मी म्हटलं, रजिस्टरात तुमच्या पद्धतीने लिहा, पण मंडळीसमोर वाचताना मी सांगते ते वाचा. ते घुटमळले. पाळकीणबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, वाचा की. खोटं कुठे आहे त्यात?"

मी चार अध्याय पुन्हा तपासले, सुवार्ता. लिहिणारा रूथला सून म्हणतो, शेजारणी सून म्हणतात. नामी तिला एकदाही सून म्हणत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, रिकामी होते म्हणाली त्या दिवसांतसुद्धा, ती तिला फक्त 'माझ्या मुली' म्हणते.

तेव्हा रविवारी पहिल्या एसटीने ये आणि पुढच्या बाकावर माझ्याशेजारी बस. पाळकसाहेब वाचतील, 'रिबकाबाई त्रिभुवन यांची मुलगी सुवार्ता.' नीट ऐक. त्यांनी चुकून दुसरं काही वाचलं, तर मी तिथल्या तिथे उभी राहून हरकत घेणार आहे.